धाकटे अध्यक्ष

शंतनूला लाज वाटली की तो काम ओढून घ्यायचा. कुणी कौतुक केलं, कुणी टोमणा मारला, कुणी नुसतं "जेवलास का रे" विचारलं, की आधी कान लाल, मग मान खाली, आणि मग समोर जे असेल ते हातात. माझ्या स्वयंपाकघरातले कितीतरी बटाटे त्याच्या लाजेपायी सोलले गेलेत. आज त्याच्याबद्दल लिहायला बसले तर पहिली आठवते ती लाजच. त्याची थोडी आणि आमची फार. आमची म्हणजे ब्रॅम्पटनच्या आमच्या मराठी मंडळाची. तो या मंडळाचा वर्षभर, खरं म्हणजे पुरतं वर्षही नाही, अध्यक्ष होता.

पहिल्यांदा भेटला तो संक्रांतीच्या कार्यक्रमाला. बाहेर नाक गळून पडेल अशी थंडी, आणि मी कार्यक्रमासाठी भाड्यानं घेतलेल्या शाळेच्या किचनमध्ये गूळपोळ्या लाटत उभी. आमच्या मंडळात कमिटी वेगळी आणि किचन वेगळं. कमिटीत पुरुषमंडळी बसायची, किचनमध्ये आम्ही उभ्या असायचो. हा दारात आला आणि म्हणाला की माफ करा काकू, काही काम आहे का? माफी कशाची ते मला अजून कळलेलं नाही. अंगातलं जॅकेट कुणा धिप्पाड माणसाचं असावं, जुने कपडे विकणाऱ्या थ्रिफ्ट स्टोअरमधून आणलेलं. बाह्या दुमडून दुमडून मनगटाशी जाडजूड वळकट्या झालेल्या. मी म्हटलं आधी ते जॅकेट काढ, नाहीतर बाही तव्यावर जाईल.

मुलगा अमरावतीचा निघाला. माझं माहेर तिथलं, त्यामुळे माझा जीव लगेच त्याच्यात गुंतला. काय शिकतोस विचारलं, तर म्हणे इतिहास. बरं, कुठला? तर इंग्लंडचा. त्यातही अठराव्या शतकातला. त्यातही एका पंतप्रधानाचा, आणि त्याचीही फक्त सुरुवातीची वर्षं. मी लाटणं थांबवलं. म्हटलं, अरे बाबा, अमरावतीहून निघून कॅनडात यायचं आणि अभ्यास इंग्लंडचा करायचा? तो लाल कानांनी म्हणाला, "हो काकू. पत्ता थोडा चुकलाय." आमचे हे चहा घ्यायला आत आले होते, त्यांनी तिथल्या तिथे विचारून टाकलं की याला स्कोप काय. इथं आलेली आपली मुलं कॉम्प्युटर शिकतात, सप्लाय चेन शिकतात, पीआरला, म्हणजे इथल्या कायमच्या रहिवासाला, अप्लाय करतात. हा दिवसा टोरांटोच्या युनिव्हर्सिटीत जुनी कागदपत्रं वाचायचा आणि उरलेल्या वेळात वॉनच्या एका वेअरहाऊसमध्ये खोकी उचलायचा. स्कोप म्हणून दाखवण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं.

पण त्या पंतप्रधानाबद्दल बोलायला लागला की हाच मुलगा बदलायचा. बाप-लेक दोघंही पंतप्रधान झाले, दोघांचं नावही एकच, म्हणून इतिहासात मुलाला धाकटा म्हणतात. शंतनूही त्याला नुसतं धाकटाच म्हणायचा. धाकटा लहानपणी फार आजारी असायचा, डॉक्टरनं औषध म्हणून रोज दारू प्यायला सांगितली होती. (असा डॉक्टर ब्रॅम्पटनमध्ये मिळतो का, हे आमच्या ह्यांनी लगेच विचारून घेतलं.) चौदाव्या वर्षी कॉलेजात गेला तेव्हा सोबत सांभाळणारी दाई होती. एकविसाव्या वर्षी पार्लमेंटमध्ये गेला आणि पहिलंच भाषण काही तयारी नसताना असं केलं की म्हातारे खासदार बघत राहिले. तेविसाव्या वर्षी खजिना हातात, चोविसाव्या वर्षी अख्खा देश. त्याची नेमणूक सभागृहात जाहीर झाली तेव्हा लोक खो खो हसले होते. नाताळपर्यंतसुद्धा हे सरकार टिकायचं नाही, असं जो तो म्हणत होता. हे सांगताना शंतनूचा आवाज चढायचा, हातातलं सोलाणं हवेत फिरायचं, आणि त्या हसणाऱ्या लोकांमध्ये आपलेही काका-मामा बसले होते असं वाटायला लागायचं.

धाकटा आत शिरला कसा, ते मात्र तो हसत हसत सांगायचा. उत्तरेकडच्या एका बड्या सरदाराच्या खिशात काही जागा होत्या. म्हणजे त्या गावांत मतदार मोजकेच, आणि ते सगळे सरदाराच्या शब्दातले. सरदार म्हणेल तो निवडून यायचा. एका ठिकाणी तर म्हणे नुसतं टेकाड उरलं होतं, माणूस एक नाही, तरी तिथून खासदार जायचे. मी विचारलं, मग मतं कोण द्यायचं, मेंढ्या? तो पोट धरून हसला होता. आणि गंमत अशी की असल्या जागेवरून आत गेलेल्या धाकट्यानं पुढे असल्याच जागा बंद करा म्हणून पुन्हा पुन्हा ठराव आणला, आणि तो पुन्हा पुन्हा पडला. शंतनूच्या अभ्यासाचा मुद्दा नेमका हाच होता. आत येताना त्या माणसाला काय वाटलं असेल?

आता रेगेकाकांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय ना मंडळ, ना शंतनू. रेगेकाका इथं सगळ्यांच्या आधी आलेले. मंडळ त्यांनी उभं केलं. आमच्यातल्या निम्म्या लोकांना एअरपोर्टवरून त्यांच्या गाडीनं घरी आणलं, पहिली नोकरी त्यांच्या ओळखीनं लागली, पहिल्या हिवाळ्यात विंटर टायर्स लावायला त्यांनी शिकवलं. शंतनू राहायचा तो त्यांच्याच बेसमेंटमध्ये. तो त्यांच्या दारापुढच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायचा आणि काका त्याला वरून गरम आमटी पाठवायचे. त्या माणसाला वाईट म्हणायला माझी जीभ आजही रेटत नाही, आणि खरी अडचण तीच होती.

त्या वर्षी अध्यक्षपदावरून मंडळात दोन तट पडले. पुणेकर आणि मुंबईकर म्हणा हवं तर, पण भांडण त्याहून क्षुल्लक होतं. गणपतीत डीजे आणायचा की नाही, यावरून सुरू झालं होतं. दोन्ही बाजू हटेनात तेव्हा रेगेकाकांनी शंतनूला आपल्याच कुटुंबात धरून त्याचं नाव काढलं. लोक हसले. अगदी तस्सेच हसले असतील त्या पार्लमेंटमध्ये. पडद्याआडून कारभार काका चालवतील आणि पोरगं सही करेल, एवढाच हिशोब त्यात होता. दिवाळीपर्यंत टिकला तरी पुष्कळ, असं आमचे हेच म्हणाले होते. शंतनूला मात्र ते मनापासून हवं होतं. मला तो म्हणाला नाही, पण त्या दिवशी त्यानं कांद्याचं अख्खं पोतं चिरून ठेवलं.

आमच्याकडे निवडणुकीची एक रीत आहे. सभासदत्व कुटुंबाचं, मत कुटुंबाला एक, आणि हात वर करायचा तो घरच्या कर्त्या पुरुषानं. चिठ्ठ्या वगैरे काही नाही. सगळ्यांसमोर हात. उमेदवारानं तेवढा वेळ बाहेर उभं राहायचं, म्हणजे आपल्याला कोणी मत दिलं नाही हे त्याला दिसू नये आणि उद्या समोरासमोर आल्यावर संकोच नको. भिडेची माणसं आम्ही, रीतीही भिडेच्याच. आणि सगळ्यात शेवटी रेगेकाका उभे राहून म्हणायचे, "आणि बाहेरगावची." जी कुटुंबं पूर्वी इथं होती आणि मग कॅलगरीला, व्हँकुव्हरला, कुठं कुठं निघून गेली, ती आजीव सभासद. त्यांची मतं काकांना फोनवर कळायची, असं आम्ही धरून चाललो होतो. कुणी कधी विचारलं नाही. शंतनू निवडून आला तो याच बाहेरगावच्या मतांवर. तो बाहेर कोट-बूट ठेवायच्या जागेत उभा होता. त्याला आत बोलावलं तेव्हा टाळ्या चालू होत्या.

अध्यक्ष म्हणून तो कसा होता? सांगते. मीटिंगमध्ये बोलायचं असलं की उठून उभा राहायचा, समोर पाचच माणसं का असेनात. सुरुवात ठरलेली: "माझं चुकत असेल, पण." मग जे बोलायचा ते चुकलेलं नसायचं, आणि कमिटी ते हाणून पाडायची. कार्यक्रम वेळेवर सुरू करू म्हणाला, पडला. बायकांना किचनमधून नाटक दिसत नाही म्हणून जेवण आधी ठेवू म्हणाला, पडला. हरला की लाल कानांनी खाली बसायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा उभा राहायचा. मी एकदा चिडून म्हटलं, अरे, एवढा अपमान करून घेण्यापेक्षा राजीनामा फेक त्यांच्या तोंडावर. तर म्हणाला, धाकटासुद्धा सगळा हिवाळा असाच रोज हरत होता, पण खुर्चीवरून उठला नाही, आणि मग निवडणूक झाली तेव्हा लोकांनी त्यालाच डोक्यावर घेतलं. काकांनी ओळखीच्या ऑफिसात त्याच्यासाठी बसून करायचं काम बघून दिलं होतं, तेही त्यानं घेतलं नाही. दुसऱ्या एका विद्यार्थ्याला तिकडे पाठवलं आणि स्वतः खोकी उचलत राहिला. धाकट्यानंही म्हणे एक बिनकामाची मोठी जागा अशीच सोडली होती. मला तर कधी कधी त्या धाकट्याचा राग यायचा. दोनशे वर्षांपूर्वी मेला आणि आमच्या पोराला जेवू देईना.

हळूहळू मात्र लोक निवळले. विद्यार्थ्यांची तर त्याच्यावर भक्तीच होती. ही मुलं खुर्च्या मांडायची, ढोल वाजवायची, शेवटी हॉल झाडायची, पण सभासद होऊ शकत नव्हती, कारण सभासद म्हणजे कुटुंब, आणि बेसमेंटमध्ये सहा जण मिळून राहणाऱ्यांना आमच्याकडे कुटुंब म्हणत नाहीत.

मग तो फोन झाला. मंडळाच्या वाढदिवसाला सगळ्या जुन्या सभासदांना आपण स्वतः आमंत्रण द्यायचं, असं त्याच्या मनात आलं. माझ्या ओट्याशी बसून, फोन स्पीकरवर ठेवून, एका हातानं मटार सोलत त्यानं कॅलगरीच्या देशमुखांना फोन लावला. देशमुखकाकूंनी उचलला. यानं नाव सांगितलं, अध्यक्ष आहे म्हणाला, मला मत दिल्याबद्दल काकांचे आभार मानायचे राहिले होते, जरा त्यांना देता का, असंही म्हणाला. बाई गोंधळल्या. आम्ही कुठलं मत दिलं बाळा, म्हणाल्या. मंडळाचा फोन येऊन तर जमाना झाला. आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "आणि हे जाऊन आता तीन वर्षं होतील."

त्यानं माफी मागितली. दोनदा मागितली. फोन ठेवला आणि मटार सोलत राहिला.  मी त्या देशमुखांच्या हातची भजी खाल्ली होती, त्यांच्या जाण्याची बातमी मला होती, आणि रेगेकाकांनी "बाहेरगावची" म्हटलं तेव्हा त्यात कोण कोण आलं याचा विचार मी केला नव्हता. थोड्या वेळानं तो म्हणाला की काकू, तुम्ही विचारलं होतं ना, मेंढ्या मत द्यायच्या का. मी म्हटलं, गप रे. पण तो हसत नव्हता. त्याचे युनिव्हर्सिटीतले गाईड म्हणे त्याला सारखं सांगायचे, की धाकट्याला लाज वाटली असेल असा पुरावा कुठंच नाही, आणि पुरावा नसेल तर लिहू नकोस. "त्याला वाटली नसेलही," शंतनू म्हणाला. "मला वाटतेय. आणि काकू, मला ते अध्यक्षपण आवडतंय हो."

दुसऱ्या कुणी राजीनामा देऊन मोकळं झालं असतं, किंवा गप्प बसलं असतं. आमच्यातले बहुतेक गप्पच बसले असते. हा बेसमेंटमधून वर गेला आणि रेगेकाकांना सरळ म्हणाला की मी ठराव आणतोय. बाहेरगावची मतं बंद, आणि इथं राहणाऱ्या विद्यार्थ्यांना मत. ठराव पास झाला तर मी नव्यानं उभा राहीन, पडला तर पायउतार होईन. काका रागावले नाहीत म्हणे, ते दुखावले. बेसमेंट सोड असंही म्हणाले नाहीत. शंतनूनंच सोडलं. एटोबिकोला चार पोरांच्या खोलीत पाचवा म्हणून राहायला गेला आणि तिथून दोन बस बदलून मीटिंगला यायला लागला. आता प्रश्न एवढाच होता, की हा मुलगा कुणाच्या खिशातला म्हणून ओळखला जाणार, की आपल्या पायानं आत आलेला.

सभा मे महिन्यात झाली, कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये, दुपारी. हॉल भरला होता. आम्ही आत वडे तळत होतो, पण किचनचं दार मी मुद्दाम सताड उघडं ठेवलं. शंतनूनं ठराव वाचला, आणि बोलला. "माझं चुकत असेल" या वेळी म्हणाला नाही. मी ज्या मतांवर निवडून आलो ती खरी नव्हती, असं त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, पण काकांचं नाव घेतलं नाही. मग रेगेकाका उठले. त्यांचंही बोलणं खोटं नव्हतं. "ही मुलं दोन वर्षांत जातील," ते म्हणाले. "जी जाणार आहेत त्यांनी ठरवायचं, आणि ज्यांनी इथं आयुष्य घातलं ती बाहेरची?" एवढं बोलून ते हॉलभर बघत गेले, एकेका चेहऱ्याकडे. ज्याच्या ज्याच्याकडे बघितलं त्याला त्याला एअरपोर्ट आठवला असणार.

शंतनू अध्यक्ष, म्हणून या वेळी तो आतच होता, आणि मोजायचंही त्यानंच. त्यानं विरोधातले हात आधी मागितले. ठरावाच्या बाजूचे आधी मागितले असते तर काकांच्या विरोधात कोण जातंय म्हणून लोकांना एकमेकांकडे बघावं लागलं असतं, ते त्यानं टाळलं. अशा वेळीही दुसऱ्याचा संकोच सांभाळणारं पोरगं ते. हात वर झाले. पुष्कळ झाले. ज्यांच्या घरी त्यानं मुलांना फुकट अभ्यास शिकवला होता त्यांचेही झाले, माना खाली घालून. शेवटी काका सवयीनं उभे राहिले आणि म्हणाले, "आणि बाहेरगावची."

"धरतो काका," शंतनू म्हणाला. "अजून तोच नियम आहे. देशमुखकाकांचंही धरू?"

मला एकदम कढईतलं तेल ऐकू आलं.  रेगेकाका खुर्चीची पाठ धरून खाली बसले आणि म्हणाले, "त्यांचं नको." एवढं थकलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांचीही लाज वाटली आणि त्यांची दयाही आली.

मग त्यानं ठरावाच्या बाजूचे हात मागितले. नव्या कॉन्डो बिल्डिंगांमध्ये राहायला आलेली दोन-चार घरं, एक जोशी, आणि संपलं. आमच्या घरचं मत पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसलं होतं आणि छताच्या पंख्याकडे बघत होतं. मला असं झालं की जाऊन तो हात धरून वर करावा. तेवढ्यात मागं, भिंतीशी, सकाळी खुर्च्या मांडून दमलेल्या पोरांनी हात वर केले. एकानं केला, मग सगळ्यांनी.  नुसते हात.

शंतनूनं माइक जवळ घेतला. "मित्रांनो, तुमचे धरता येणार नाहीत. खाली घ्या." आवाज त्याचाच होता, पण फार लांबून आल्यासारखा. पोरांनी हात खाली घेतले नाहीत. आणि मग काय झालं मला, माहीत नाही, पिठानं माखलेला माझा हात आपसूक वर गेला. माझ्यामागून कढईपाशी उभ्या असलेल्या दोघींचे गेले. आमच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आमच्याकडे कधीच नसतं, पण त्याचं गेलं. तो दाराकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मटार सोलतानाही नव्हतं.

"काकू," तो माइकवरच म्हणाला, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं, "तुमचं मत तर मी ठरावातसुद्धा घातलं नाही."

कुणीतरी हसलं, आणि ते हसणं अर्ध्यातच थांबलं. मग त्यानं नियमाप्रमाणे पुढच्या रांगेपासून एकेक हात बोटानं मोजायला सुरुवात केली. मागच्या भिंतीवरून बोट फिरलं, एकाही पोराला न धरता. मग ते किचनच्या दाराकडे वळलं, माझ्या हातापाशी आलं, थांबलं, आणि मला न मोजता पुढं गेलं.